कमरेचा पट्टा

शेळगाव, गुरुवार, दिवेलागण

ट्रॅक्टरवरून पडल्याला दोन वर्षं झाली. आज पहिल्यांदाच कंबर दुखली नाही. पट्टा काढून ओट्यावर निवांत बसलो होतो. तेवढ्यात धाकट्या भावाची, दिलीपची गाडी दारात आली. उसाला पाणी द्यायचं होतं. का कोण जाणे, मी घाईघाईनं पट्टा आवळला. वर कण्हलोसुद्धा! लाज कशी वाटली नाही मला?

“दादा, तू बस. आज बी मीच जातो,” तो म्हणाला. मग खाली बसून त्यानं माझा पट्टा सोडला, फिरवून नीट बांधला. “उलटा बांधलाय,” एवढंच बोलला आणि खोरं घेऊन रानात गेला.

दोन वर्षं रोज बांधतोय मी हा पट्टा. आजच उलटा कसा, हे त्याला कळलं नसंल?