कच्च्या टाक्यांचा कोट

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आईचा फोन. ‘रविवारी मामांनी जेवायला बोलावलंय. तो निळा शर्ट घालून जाऊ नकोस. मी त्यांना सांगून ठेवलंय, मुलगा कोटात येईल.’

कोट माझ्याकडे नाही! कधीच नव्हता. आईला हे माहीत आहे.

मामा म्हणजे माझे नव्हेत, मुलीचे. ते इथे परदेशात कित्येक वर्षांपासून आहेत, आणि आमचं यंत्र बसवायचं काम नेमकं त्यांच्याच शहरात निघालं. आई खूश.

मुलीला मी एकदाच भेटलो आहे. तिच्या घरी, सगळ्यांसमोर. माझा कप कलंडला आणि चहा बशीत सांडला. ती हसली नाही. हळूच आपलाही कप कलंडवला आणि आपलीही बशी भरून घेतली. त्या दिवसापासून मी कामातून गेलो आहे. पण त्यांचं उत्तर काही कळलेलं नाही. आईला विचारलं की एकच — ‘आधी मामांना नीट भेटून ये, मग बघू.’

म्हणजे सगळं मामांच्या हातात. तिचा नंबर माझ्याकडे आहे. लावलेला नाही. उत्तराआधी फोन करणं बरं दिसत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

संध्याकाळी तयार कोटांची दुकानं पालथी घातली. एकाही कोटाची बाही मनगटापर्यंत पोचायला तयार नाही. वस्ताद बरोबर होते. (वस्ताद म्हणजे आमचे थोरले फिटर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकातच असेल.) म्हणाले, ‘तुझ्या हातांनी झाडावरून फळं काढावीत, कोट घालू नये. चल, शिंप्याकडे.’

वस्ताद इथे पूर्वी येऊन गेले आहेत. त्यांना इथली भाषा कामापुरती येते आणि भांडणापुरती चांगली येते. दुकान अरुंद. तीन पाखांचा आरसा आहे, त्यात तीन बाजूंनी मी. एकही बाजू बरी नाही.

शिंपी म्हातारा, तोंडात टाचण्या. टेप लावली, मग बसायला लावलं. मग वरच्या फळीवरचं काहीतरी काढायला लावलं. मग कोपऱ्यातल्या लाकडी पुतळ्याशी हात मिळवायला लावला! मी मिळवला. शिंप्याने मान हलवली. वस्ताद म्हणाले, ‘जरा मनापासून मिळव, असं म्हणतोय.’ मनापासून मिळवला. पुतळ्याचा हात निघाला. शिंप्याने तो न बोलता परत बसवला. नेहमीचंच असावं.

कापड गडद निळं. शनिवारी मिळेल.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे म्हणे. इतक्या वर्षांत घरचं कोणी बोललं नाही. आज दिवसभर डावा खाली दाबून चाललो. वस्तादांनी विचारलं, ‘लचक भरली का?’

शनिवार, ११ ऑक्टोबर

घात झाला!

कोट मिळाला, पण शिवलेला नाही. म्हणजे आहे, पण नुसत्या कच्च्या टाक्यांवर! पांढऱ्या दोऱ्याचे बोटभर लांब टाके, खांद्यापासून शेवटापर्यंत. मला वाटलं, अंगावर बसतो का ते बघायचंय. बघितलं. बसला. झकास बसला. मी काढायला लागलो तर शिंप्याने हात धरला, गुंड्या लावल्या, आणि दार उघडून दिलं.

वस्तादांनी चौकशी केली. या माणसाची पद्धतच अशी आहे. कच्चा कोट गिऱ्हाइकाने अंगावर घालून हिंडायचं, बसायचं, खायचं, हसायचं. जिथे उसवेल तिथे कोट चुकला असं समजायचं. मग तो नीट करून पक्की शिलाई. ‘कोट मुरू दे म्हणतोय. मंगळवारी आण.’

कोट मुरतो हे पहिल्यांदाच ऐकलं.

मी म्हणालो, त्याला सांगा, उद्या मला मुलीच्या मामांकडे जायचं आहे. वस्तादांनी सांगितलं. शिंप्याचा चेहरा उजळला. ‘फार उत्तम म्हणतोय. तिथे चांगला मुरेल.’

नुसतं मशीन फिरवायचं तर आहे! हातापाया पडलो. त्याने मशीनवर कापड टाकलं.

रविवार, १२ ऑक्टोबर (सकाळ)

युक्ती सुचली. कोट गडद निळा, माझं पेनही निळं. खिडकीत बसून एकेक टाका रंगवला. वस्ताद चहा पीत बघत होते. ‘अरे, यापेक्षा मामांना सरळ सांग.’ असं कसं सांगणार? आईने कोट सांगितलाय, अर्धवट कोट नव्हे.

आता दोन हातांवरून काही कळत नाही. बोटं निळी झाली आहेत. खिशात ठेवीन.

रविवार (रात्री)

लिहायचा धीर होत नाही. पण लिहितो, म्हणजे निदान क्रमाने आठवेल.

बसमध्ये बसलो नाही, उभाच गेलो. मामांनी दार उघडलं. आडवे, मोठ्या आवाजाचे. मालाच्या गोदामावर मुख्य आहेत, घरातही तसंच बोलतात. ‘या, या, या! अगं, आले बघ!’ आणि पाठीवर अशी थाप मारली की काखेत कुठेतरी टर्र झालं. फक्त मला ऐकू आलं.

सोफा खोल होता. मी काठावर बसलो, पाठ ताठ. मामा म्हणाले, ‘आरामात टेका की.’ म्हटलं, मला असंच आरामात वाटतं. मामांचा चष्मा खाली पडला, माझ्या पायाशी. मी चष्म्याकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं. वाकलो असतो तर कोटाची पाठ गेली असती. शेवटी मामाच वाकले. देवा!

मग मामी स्वयंपाकघरातून बरणी घेऊन आल्या. झाकण घट्ट बसलं होतं. मामांनी लावला जोर, नाही निघालं. माझ्यापुढे धरली. ‘तुम्ही फिटर ना? घ्या.’

मी म्हणालो, ‘नको.’

नको! होणाऱ्या मामेसासऱ्यांना! दुसरं काही सुचलंच नाही. मामींनी बरणी गरम पाण्यात धरली, निघालं झाकण. मामा म्हणाले, ‘हं.’ त्या एका हं मध्ये सगळं आलं. घास तोंडाकडे नेताना कोपर हलू नये म्हणून मी तोंडच घासाकडे नेत होतो. मामी दोनदा म्हणाल्या, ‘सावकाश जेवा.’

निघताना थोडं हायसं वाटलं. वरून तरी कोट शाबूत होता. दारात मामी म्हणाल्या, ‘थांबा हं, दोरा लटकतोय.’

एक राहिला होता! खांद्यामागचा, पांढरा. मी ‘राहू दे, राहू दे’ म्हणेपर्यंत मामींनी तो चिमटीत धरून ओढला. तो आला. आणखी आला. मामी नीटनेटक्या आहेत, अर्ध्यावर सोडणाऱ्यातल्या नाहीत. त्या ओढत राहिल्या, दोरा येत राहिला, आणि माझी उजवी बाही शांतपणे खाली घसरत मनगटावर येऊन थांबली.

मामी दोरा हातात धरून उभ्या राहिल्या.

मामांनी हळूच विचारलं, ‘भाड्याचा आहे का?’

मी म्हणालो, ‘नाही, मुरतोय.’

आणि गडबडीत नमस्कारासाठी वाकलो. पाठ तिथे गेली.

आईला फोन केला. म्हटलं, सगळं संपलं. आई म्हणाली, ‘ते राहू दे. कापड कसलं आहे?’ एकुलता एक मुलगा बुडतोय आणि हिला कापड!

सोमवार, १३ ऑक्टोबर

यंत्राचे नट दोनदा उलटे लावले. वस्तादांनी दोन्ही वेळा ते काढून सुलटे लावले.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज मामा कारखान्याच्या दारात! वाटलं, नकार तोंडावर सांगायला आले. पण म्हणाले, ‘रात्रभर डोक्यातून जाईना. अरे, तुला फसवलंय त्या शिंप्याने! परका पोरगा बघून अर्धा कोट गळ्यात मारला. चल, दाखव मला तो माणूस.’

‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले. हे चांगलं की वाईट, कळत नाही.

दुकानात मामांनी जो आवाज चढवला! इथली भाषा त्यांना अस्सल येते. हात वर, हात खाली, टेबलावर मूठ. शिंपी शांतपणे त्यांच्याभोवती फिरत होता. मला आधी कळेना काय चाललंय. मग दिसलं — तो माप घेत होता! मामांनी हात उगारला की टेप काखेखाली. मामा तावातावाने वळले की टेप पाठीवर. पुतळ्याची गरजच पडली नाही.

मध्येच त्याने माझा उसवलेला कोट उजेडात धरला, पाठीची फाटलेली शिवण तपासली आणि मामांना काही सांगितलं. मामांचा आवाज एकदम उतरला. ‘म्हणतो, तू रोज सायकल चालवतोस.’

मला सायकल येत नाही.

‘बघ,’ मामा म्हणाले, ‘किती अचूक ओळखलं! माणूस फसवणारा नाही.’

बाहेर पडलो तेव्हा मामांनी करड्या रंगाचं कापड पसंत केलं होतं. मुलीचा विषय निघाला नाही. मी दोनदा खोकलो, तरी नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

मामांना कच्चा कोट मिळाला. मी म्हटलं, मामा, घरातच घाला. ‘छे! मुरायला हवा तर माणसांत मुरायला हवा.’ उद्या गोदामावर घालून जाणार आहेत. टाके रंगवून देऊ का, विचारलं. नको म्हणाले.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

दुपारी मामांचा फोन. आधी नुसता श्वास.

गोदामात कोणीतरी खोकी चुकीच्या बाजूला रचली होती. मामा गरजले, ‘तिकडे!’ आणि हात लांब करून दाखवलं. हात थांबला, बाही तिकडे गेली. खोक्यांवर जाऊन पडली. हमाल, कारकून, गाडीवाले, सगळे बाहीकडे बघत. मग सगळ्यात मोठा साहेब म्हणाला, ‘तिकडे म्हणजे नेमकं कुठे?’

मी हसू नये म्हणून यंत्राचा दांडा घट्ट धरला. पलीकडून मामाच हसायला लागले. थांबेचनात. मामींचाही आवाज येत होता. मग म्हणाले, ‘घरी सांगितलं तर हिला नुसतं हसू येतं. काय भोगलं हे तुलाच कळणार. माझ्याकडून होकार समज, बाबा!’

होकार!! वस्तादांना मिठी मारली. ते म्हणाले, ‘आधी हात पूस.’

शनिवार, १८ ऑक्टोबर

पक्का कोट मिळाला. घालून खोलीत वाकलो, वळलो, झाकणं उघडली. कुठे काही उसवलं नाही. धीर करून तिचा नंबर काढला. ठेवला. पुन्हा काढला. उद्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

मी लावायच्या आधी तिचाच फोन आला. मी कोट घालूनच उभा राहून बोललो. मामांच्या होकाराबद्दल आभार मानले. ती म्हणाली, ‘मामाला कोणी विचारलं होतं? तुम्ही परदेशी एकटे, म्हणून जेवायला बोलाव म्हटलं, एवढंच. माझा होकार तर तुम्ही निघायच्या आधीच तुमच्या आईंना कळवला. तेव्हापासून तुमच्या उत्तराची वाट बघतेय.’

उत्तर दिलं. मग आईला फोन लावला.

‘हो, होतं की माहीत,’ आई म्हणाली. ‘पण सांगितलं असतं तर तू जन्मात कोट शिवून घेतला असतास का?’

नसता घेतला.