कोरिया जिंकेल

दिग्रस, २ सप्टेंबर १९६२

चि. जमनीस हरिसिंगमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने जीव थाऱ्यावर नाही. पायाचा अंगठा काळा पडला असताना तुझे बापू पैजेवर अडून बसावेत? जकार्तातील आशियाई स्पर्धेत फुटबॉलच्या भारत-कोरिया अंतिम सामन्याचे माझे भाकीत खरे ठरले, तरच ते नागपूरच्या दवाखान्यात जाणार. "डॉक्टरचाही अंदाजच हाये, मास्तरचाही. एक तं खरा निघू द्या," हे त्यांचे तर्कशास्त्र वाचून हसू आले आणि रागही.

तर ऐक. भाकीत करताना मन बाजूला ठेवावे लागते. पहिल्याच सामन्यात कोरियाने आपल्याला दोन गोलांनी हरवले. आपला एकही झाला नाही. पुढे आपण जिंकत गेलो खरे, परंतु उपांत्य सामन्यात दोन गोल स्वीकारले. शिवाय यजमानांशी झालेल्या वादामुळे तिथले प्रेक्षक आपल्यावर रुष्ट आहेत. सारे जमेस धरता कोरिया जिंकेल. मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या माझ्या हाताला हे लिहिणे जड गेले. पण भाऊजींचा पाय मोठा. वाचून दाखव आणि बोचके बांधून ठेव.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

तांडा, उमरखेडजवळ, ६ सप्टेंबर

ती. स्व. मामांस जमनीचा शि. सा. न. वि. वि.

आपण जिंकलो, दोन-एक. सेवादासकाकांच्या रेडिओवर कळताच तांडा नाचला. मी चुलीपाशी रडले. आपला देश हरावा म्हणून हात जोडले होते, हे कुणाला सांगू? बापू खाटेवरून गरजले, "मास्तर हुकला, तं डॉक्टरही हुकन. म्या कायले जाऊ?" भावाचा हिशेब चुकला म्हणून आई टोमणे खाते आहे. पायाला वास येतो, मामा.

आपली जमनी

दिग्रस, ८ सप्टेंबर

चि. जमनीस आशीर्वाद.

बापूंना सांग, एखादे वेळी ढग येऊन पाऊस पडला नाही, म्हणून पुढच्या वेळी कुणी कापूस उघड्यावर टाकत नाही. आणि ज्या संघाने मला खोटे पाडले, तो पहिला सामना हरल्यावर खाटेवर बसून राहिला नव्हता.

मामा

नागपूर, १३ सप्टेंबर

ती. स्व. मामांस सा. न.

तुमचे शेवटचे वाक्य बापूंनी दोनदा वाचायला लावले आणि गाडी जुंपवली. उशीर झाला, असे डॉक्टर म्हणतात. सोमवारी पाय गुडघ्याखाली कापतील. तरी जीवाची खात्री देत नाहीत. बापूंचा निरोप आहे: "मास्तरले विचार, मी वाचतो का नाही. अन् म्हन, मांगं देशाविरुद्ध सांगतलं तं आपण जिंकलो, या बारी माह्या विरुद्धच सांग."

जमनी

दिग्रस, १५ सप्टेंबर

चि. जमनीस,

टपालावर न विसंबता हे पत्र मीच घेऊन येत आहे. मोठ्याने वाचून दाखव.

सारे जमेस धरता भाऊजी हरतील.

मामा