मध्यंतरानंतरची गाणी

१२ जून

चि. मनूस,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. फोन केला असता, पण फोनवर तू चिडतेस, मग माझाही आवाज चढतो, आणि मास्तरांनी आम्हाला आवाज चढवायला सक्त मनाई केली आहे. म्हणून हे पत्र. मास्तर म्हणजे आमच्या वाद्यवृंदाचे प्रमुख. वयाने तुझ्याएवढेच, पण चेहरा असा की जन्मल्यापासून कुणाची तरी वाट बघत उभे आहेत. आमच्या तरुणपणीची सिनेमातली गाणी रेकॉर्डवर जशी आहेत तशीच्या तशी रंगमंचावर वाजवायची, हा त्यांचा ध्यास. खरी व्हायोलिनं, खरी बासरी आणि मागे सहा बायकांचा कोरस. लग्नाआधी मी स्टुडिओत कोरस गायचे हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. आईला गाण्यातलं फक्त ‘आ’ येतं असं तू म्हणायचीस ना? तेवढ्यासाठीच बोलावलंय मला.

शेजारी एक दातांची डॉक्टर उभी असते. मी तोंड उघडलं की सुरांपेक्षा माझ्या दाढांकडेच तिचं लक्ष. काळजी करू नकोस. ऑगस्टच्या मध्याला दौरा संपतो, तुझे दिवस भरायच्या पुष्कळ आधी मी तिथे असेन. जावयांना सांग, तोवर भांडी त्यांनीच घासायची.

तुझी,
आई

२४ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा जावई भांडी घासतो, पण घासून झाल्यावर ‘घासली’ असं जाहीर करतो, आणि मी कौतुक करेपर्यंत स्वयंपाकघरातून हलत नाही.

मला मात्र तुझं काही कळत नाही. बाबा होते तोवर तू शेजारच्या गल्लीत जायलाही कंटाळायचीस. आता गावोगावच्या लॉजमध्ये राहतेस, बसमध्ये झोपतेस आणि वर पत्रात विनोद करतेस. शेजारच्या काकूंनी विचारलं, आई कुठे असते? मी सांगितलं, जुनी गाणी म्हणत फिरते. त्यांना वाटलं तुझं डोकं फिरलंय. मी नाही म्हटलं, पण जरा उशिराने म्हटलं.

तब्येत जपावी. ऑगस्ट विसरू नये.

तुझी लेक,
मनू

८ जुलै

चि. मनूस,
अ. उ. आ.

डोकं फिरलं असेलही. पायाला तर भिंगरी लागलीच आहे. मुक्कामाला पोचलो की बाकीच्या बायका आडव्या होतात आणि मी खाली जाऊन अनोळखी रस्त्यावर फेऱ्या मारते. घरी असताना मला खुर्चीतून उठवायला तुला दोनदा हाक मारावी लागायची, आठवतं?

परवा फजिती झाली. एका गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी कोरस वर चढतो. मी म्हटलं, वर नाही, खाली उतरायचं, मी स्वतः गायलेय. मास्तर अदबीने म्हणाले, आपण ऐकून बघू. रेकॉर्ड लावली. कोरस वरच चढत होता. सहा मुलींच्या त्या गर्दीत माझा आवाजही होता, आणि तोच मला खोटं पाडत होता. इतकी वर्षं मी स्वयंपाक करताना, तुला झोपवताना ती ओळ चुकीची गुणगुणत आले. कोणी हसलं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. दिवसभर घोकून माझीच ओळ नव्याने शिकले. संध्याकाळी ती बरोबर लागली तेव्हा जे वाटलं ते लिहिता येत नाही. त्या रात्री रस्त्यावर दोन फेऱ्या जास्त मारल्या.

लोहाच्या गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
आई

३१ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. घाबरू नकोस, पण मी घाबरलेय. दिवसभर छताकडे बघते. पंख्याच्या एका पात्याला धूळ जास्त आहे आणि ती पुसायला मी उठू शकत नाही, एवढ्यावरून काल रडले. हा कामावर जातो तेव्हा घर इतकं शांत होतं की फ्रिज सुरू झाला तरी दचकते.

तू गुणगुणायचीस ती ओळ मला चुकीचीच पाठ आहे. आता बरोबर कुठली, मला ऐकायचीही नाही.

लवकर ये.

तुझी,
मनू

७ ऑगस्ट

चि. मनूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचल्यापासून बॅग दोनदा भरली आणि दोनदा उपसली. आता जे लिहितेय ते शांतपणे वाच. दौरा वाढलाय. एकोणतीस तारखेला सगळ्यात मोठ्या सभागृहात शेवटचा कार्यक्रम आहे. कोरसमधली एक बाई आजारी होऊन घरी गेली, आता आम्ही पाचच उरलोय. मास्तरांनी आग्रह केला नाही. थांबाल का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी विचारायच्या आधीच माझं ठरलेलं होतं, हेही तुला कळू दे.

तुझ्या डॉक्टरांशी मी बोलले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याआधी काही नाही म्हणाले. तीसला दुपारी मी तुझ्या दारात असेन. तोवर तुझ्या सासूबाईंना बोलावून घे. त्यांच्याशी तुझं पटत नाही हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे. तरी त्या येतील.

रागावलीस तरी उत्तर पाठव.

आई

२० सप्टेंबर

ती. आईस,
सा. न.

तू इथे होतीस तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून तू परत गेल्यावर लिहितेय. एकोणतीसला संध्याकाळी मला दवाखान्यात नेलं. सासूबाई रात्रभर माझा हात धरून बसल्या, एकदाही टोमणा मारला नाही. पोरगी झाली. तू सांगितल्याप्रमाणे तीसला दुपारी आलीस, तिला घेतलंस, पंधरा दिवस माझं सगळं केलंस. मला वाटायचं, बिचारीला काय माहीत, गाडीतच कळलं असेल.

काल हा बोलता बोलता बोलून गेला. मला आत नेल्यावर त्याने तुला फोन केला होता. तुझं तेव्हा मध्यंतर चालू होतं. म्हणजे तुला सगळं कळलं, आणि तू पुन्हा रंगमंचावर गेलीस. इथे मी ओरडत होते आणि तिथे तू गात होतीस. पंधरा दिवस माझ्या उशाशी बसून तू हे सांगितलं नाहीस.

खरं आहे का, एवढंच कळव.

मनू

२६ सप्टेंबर

चि. मनूस,
अ. उ. आ.

खरं आहे.

त्या वेळी निघाले असते तरी सकाळच्या आधी गाडी नव्हती. पण या कारणाआड मी लपणार नाही. दारात मोटार उभी असती तरी मी उरलेली गाणी गाऊनच निघाले असते. दातांच्या डॉक्टरने विचारलं, जाताय का? मी नाही म्हटलं आणि जागेवर जाऊन उभी राहिले. ते वर चढणारं गाणं मध्यंतरानंतरचं होतं. गाताना तुझी आठवण आली नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. तुझ्याशिवाय दुसरं काही डोक्यात नव्हतं. तरी सूर हलला नाही. त्याचं मला अजून नवल वाटतं आणि थोडी भीतीही.

तिथे सांगितलं नाही, कारण तू बाळंतीण होतीस आणि मला तुझ्याजवळ राहायचं होतं. माफी मागावी असं दहादा मनात आलं. पण मागितली तर ती तुझं समाधान व्हावं म्हणून असेल, आणि तुला ते लगेच कळेल.

पोरीच्या डोक्याला तेल हलक्या हाताने लाव.

तुझीच,
आई

१९ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसले की पोरगी उठते, आणि ती झोपली की मला पुन्हा राग येतो. तो गेलेला नाही. कधी जाईल माहीत नाही. सासूबाई तुझी बाजू घेतात. दवाखान्यात त्या होत्या म्हणून त्यांना तो हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. यावरून आमचं रोज वाजतं आणि घर कसं भरल्यासारखं वाटतं.

तुमचा नवा दौरा निघतोय आणि डिसेंबरात त्यातला एक कार्यक्रम आमच्या गावात आहे, हे तू कळवलं नाहीस. मी भिंतीवरच्या जाहिरातीत वाचलं. तिकिटं काढली आहेत, आम्हा सगळ्यांची. माझी जागा रांगेच्या टोकाला मागून घेतली, पोरगी रडली की उठून बाहेर जाता यावं म्हणून. पण मध्यंतरानंतर, तुमचा कोरस चालू असताना ती रडली, तर मी उठणार नाही. कितीही मोठ्याने रडली तरी बसून राहीन. तुला ऐकू गेलं, तर सूर सांभाळ.

बाकी भेटीत. आहे तेवढा लोभ मोडू देऊ नये.

तुझी,
मनू