जुनी खूण

५ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेवर! पिंपळे गुरवहून चाकण, मध्ये मोशीचं ट्रॅफिक. मी उशिराच पोचणार अशी सलिलने पैज लावली होती. नवऱ्याकडून संध्याकाळी वडापाव वसूल केला.
स्कॅन सेंटरमध्ये मला चिमुकली खोली मिळालीय. दोन खुर्च्या, भिंतीवर फिल्म लावायचा दिवा. मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट डॉ. अरुंधती लिहितात, आणि तो पेशंटला साध्या मराठीत समजावायचं काम माझं. येणारे बहुतेक कंपन्यांमधले कामगार, इंग्रजी बघूनच अर्धे गार होतात. मॅडमनी एकच ताकीद दिली, सोपं करून सांगायचं, खोटं नाही.

९ फेब्रुवारी
हे काम मला छान जमतंय, उगाच विनय कशाला! यशोदाबाई नावाच्या आजी रिपोर्टमधल्या पांढऱ्या ठिपक्यांना घाबरल्या होत्या. हसून म्हटलं, डोक्यावरचे केस पिकतात तसं आतही थोडं पिकतं. जुनी खूण आहे, घाबरायचं कारण नाही. आजी हसत घरी गेल्या. त्यांच्या बाबतीत ते खरंच होतं.

१३ फेब्रुवारी
आज ज्योतीराम आले. मूळचे बीडकडचे, इथे पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर असतात. उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणून स्कॅन. रिपोर्टमध्ये डाव्या बाजूला गाठ, भोवती सूज. झटका कधीही येऊ शकतो.
मॅडमनी त्यांच्या बायकोला, स्वरूपाला आधीच सांगितलं होतं. ते आत यायच्या आधी ती दाराशी माझा हात धरून उभी राहिली. आमच्या मुलीची, ओवीची बारावीची परीक्षा तोंडावर आलीय, ती झाली की मीच त्यांना सांगते, मोठ्या डॉक्टरकडे नेते, तोवर तुम्ही काही बोलू नका. इथे बहुतेक घरांत असंच चालतं. पेशंट सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. मला तिची दया आली.
ज्योतीराम समोर बसले. "ताई, मला समजंल असं सांगा."
"जुनी खूण आहे. घाबरायचं कारण नाही."
"मग ड्युटीवर जाऊ?"
मी जा म्हणाले.

२१ फेब्रुवारी
ज्योतीराम गेले. मशीनवर असतानाच झटका आला. स्वरूपा रिपोर्टची प्रत न्यायला आली होती, सही केली, प्रत घेतली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने मला फक्त गप्प राहायला सांगितलं होतं. कामावर जा, हे मी सांगितलं.

२५ फेब्रुवारी
भर दुपारी ते समोरच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर फिल्मचं पाकीट. समजंल असं सांगा, म्हणाले. मी बाहेरच्या काउंटरवरच्या संघर्षला हाक मारली. तो म्हणाला, मिनल मॅडम, खुर्ची रिकामी आहे.

२८ फेब्रुवारी
प्रत्येक फिल्ममध्ये तीच गाठ दिसतेय. डावीकडे, त्याच जागी. आज एका मुलीला रडवलं, आजच्या आज ऑपरेशन करून घे म्हटलं. डॉ. अरुंधतींनी फिल्म दिव्यावर लावून दाखवली. स्वच्छ आहे म्हणाल्या. मला दिसत होती —

३ मार्च
उजव्या हाताला मुंग्या. मॅडमनी माझाच स्कॅन केला. सलिलला बोलावून घेतलं. मला आत घ्यायच्या आधी तो दाराशी त्यांच्याशी काहीतरी बोलला. त्यांचा हात धरून.
मग मॅडम मला म्हणाल्या, जुनी खूण आहे, घाबरायचं कारण नाही.
माझंच वाक्य. शब्दन् शब्द.

४ मार्च
सलिल हसतोय. जरा जास्तच. दाराशी काय बोललास, विचारलं. मिनलला जरा सुट्टी द्या म्हटलं, म्हणाला. असेलही खरं. मला कसं कळणार? फिल्म बघून उपयोग नाही, मला तर सगळ्यांच्यातच —

५ मार्च
सलिल ऑफिसला. ज्योतीराम घरी आलेत. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत — माझ्या फिल्मचं पाकीट त्यांच्या मांडीवर —
माफी मागितली. ऐकलीच नाही.
फिल्म खिडकीशी धरलीय. बघतायत. सावकाश —
म्हटलं, काय आहे ते सांगा. खरं सांगा. पाया पडते —
वळले. हसले. यशोदाबाईंकडे बघून मी हसले होते तसे —
"जुनी खूण हाय, ताई. जावा ड्युटीवर."
पेन धरवत नाही — उजवा हात आपोआप