पिवळ्या हेल्मेटचा नवस

गुरुवार, १२ जानेवारी, दुपारी
हिशेबाच्या वहीची मागची पानं फुकट जात होती, म्हणून इथे लिहिते आहे.

शनिवार-रविवार लेकीच्या कॉलेजात हॉकीच्या मॅचेस. लेक गोलकीपर. म्हणजे दोन नंबरची. एक नंबरला जाऊबाईंची मुलगी. दोघी एकाच टीममध्ये, पण गोलात उभी राहते ती त्यांची आणि बाकावर बसते ती माझी. परवा सगळ्या नातेवाइकांसमोर जाऊबाई मला म्हणाल्या, "अगं, बाकालाही कोणीतरी लागतंच ना." सगळे हसले. हेसुद्धा हसले. ह्यांचं नंतर बघेन.

मी काही सूड घेणारी बाई नाही. देवाधर्माचं माणूस. पण हे वाक्य मी त्यांना व्याजासकट परत करणार.

संध्याकाळी, दिवा लावल्यावर
नवस बोलले. पुतणीवर दणादण गोल पडू देत. तोवर साखर सोडली. (बचत होते ती वेगळी, तो हेतू नाही.) गोल पडले की अख्ख्या टीमला साखर वाटेन. आधी मिठाई म्हणणार होते, पण मिठाईचे भाव देवालाही ठाऊक आहेत.

अडचण एकच. पुतणी घरचीच पोर. नाव घेऊन तिचं वाईट मागणं म्हणजे पाप. म्हणून नाव घेतलंच नाही. "पिवळ्या हेल्मेटवाली" एवढंच सांगितलं. वरून बघणाऱ्याला तसंही हेल्मेटच दिसणार.

शुक्रवार, १३ जानेवारी
बिनसाखरेचा चहा. औषध बरं.

हेल्मेट आणि पॅड आमच्याकडे आले. दोन नंबरच्या गोलकीपरनं किट धुवायचं अशी त्यांच्या टीमची रीत. किट एकच. गेल्या वर्षी त्यांचे कोच घरी आले होते. (सारखी शिट्टी वाजवतात, मी त्यांना शिट्टीच म्हणते.) दुसरं किट दोन घरांनी मिळून घेऊ, म्हणजे दोघींची प्रॅक्टिस एकदम होईल म्हणाले. जाऊबाई लगेच तयार. मी विचारलं, गोलात एका वेळी किती जणी उभ्या असतात? एकच, म्हणाले. मग दोन हेल्मेटं कशाला? शिट्टी चहा संपवून उठले. मॅट्रिकला गणितात मी वर्गात पहिली होते, ते उगाच नाही.

लेक अंघोळीला गेल्यावर हेल्मेट देव्हाऱ्यासमोर नेऊन ठेवलं. देवाला म्हटलं, नीट बघून घे, हेच ते. ऐन वेळी घोटाळा नको. ह्यांनी विचारलं, हेल्मेट देवापुढे कशाला? वाळत घातलंय म्हटलं.

शनिवार, १४ जानेवारी, सकाळी
ग्राउंड. लाकडी पायऱ्या, थंडगार. घरून उशी आणली. जाऊबाईंनी आणली नव्हती. बरं वाटलं.

पहिली मॅच. पुतणीनं सगळं अडवलं. पायानं, स्टिकनं, एकदा तर पोटानं. मी पदराखाली जपमाळ ओढत होते. जाऊबाई म्हणाल्या, तू टीमसाठी इतकं करतेस, मला वाटलं नव्हतं. मी नम्रपणे मान खाली घातली.

आपण जिंकलो. वाईट वाटलं.

दुपारी
समोरच्यांच्या एका मुलीला अंपायरनं हिरवं कार्ड दाखवलं. बक्षीस असेल म्हणून टाळ्या वाजवल्या. शिक्षा असते म्हणे. मी एकटीच वाजवत होते.

मग एक बॉल सरळ पुतणीच्या गोलात गेला. मी उभी राहिले. अंपायर म्हणाला, हा गोल धरायचा नाही, त्या अर्धगोल रेषेच्या बाहेरून मारला होता. म्हणजे देवानं ऐकलं होतं, अडवलं ते अंपायरनं. जाऊबाईंना वाटलं मी घाबरून उभी राहिले. त्यांनी माझा हात धरला आणि थर्मासमधला चहा दिला. गोड होता. प्यायले. साखर मी माझ्या घरची सोडली आहे, त्यांच्या घरची नाही.

पुन्हा जिंकलो. देवाला जरा स्पष्ट शब्दांत आठवण करून दिली.

रविवार, १५ जानेवारी, सकाळी
सेमी-फायनल. अगदी शेवटचा बॉल अडवताना पुतणीचा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. मी हे मागितलं नव्हतं. मी फक्त गोल मागितले होते. तिला धरून बाहेर आणलं तेव्हा मीच पुढे होऊन तिच्या पायाखाली माझी उशी दिली. माझ्या मनात तसं काही नाही याचा हाच पुरावा.

टीम जिंकली. शिट्टी येऊन सांगून गेले, फायनलला आमची लेक गोलात. लेकीनं लांबूनच माझ्याकडे बघितलं. इतकी हसली की मला तिचं लहानपण आठवलं.

जाऊबाई पुतणीला बाकावर बसवत होत्या. मी जवळ गेले. दोन रात्री घोकलेलं वाक्य शांतपणे म्हटलं. "ताई, बाकालाही कोणीतरी लागतंच."

त्या पुतणीच्या बुटाची नाडी सोडत राहिल्या. पुतणी मात्र म्हणाली, खरंय काकू, आज मी तिच्यासाठी ओरडणार. मजा थोडी कमी झाली. पण हिशेब पूर्ण.

दुपारी, मॅच सुरू होताना
लेक मैदानात आली.

पिवळं हेल्मेट.

किट एकच आहे.

हाफ-टाइम
देवा, नवस मागे. म्हणजे मागे नाही, बदल. पिवळ्या हेल्मेटवाली म्हणजे जुनी पिवळ्या हेल्मेटवाली. सध्या बाकावर बसलेली, घोटा सुजलेली. तिच्यावर आता गोल पडू शकत नाहीत हे मलाही कळतं, तो माझा प्रश्न नाही.

एक गोल पडला. आपणही एक मारला. साखर जन्मभर सोडते. तेलही कमी करते.

अजून एक पडला. आपला अजून एक.

हे म्हणतात, पोरगी झकास खेळते आहे, तू वहीत काय खरडतेस?

रात्री
लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

शेवटची दोन मिनिटं. दोन-दोन. समोरून एक दांडगी मुलगी बॉल घेऊन सुटली. लेक गुडघे वाकवून तयार होती. मला फक्त ते पिवळं दिसत होतं. देवाला ते मीच दाखवलं होतं, देव्हाऱ्यासमोर, नीट बघून घे म्हणून. मी उठले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "हेल्मेट काढ, हेल्मेट काढ."

अख्खं ग्राउंड माझ्याकडे वळलं. लेकसुद्धा.

बॉल आत.

हरलो. पुतणी लंगडत मैदानात गेली आणि लेकीच्या गळ्यात पडली. जाऊबाईही गेल्या. मी जागेवरच होते. ह्यांनी विचारलं, असं का ओरडलीस? उकडत असेल तिला, म्हटलं. जानेवारीत.

घरी आल्यावर लेकीनं हेल्मेट स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलं.

सोमवार, १६ जानेवारी
चूक मुळात अंपायरची. शनिवारचा गोल धरला असता तर नवस तिथेच फिटला असता. शिट्टीचीही आहे. त्यांनी दुसऱ्या किटचा आग्रह धरायला हवा होता. एका बाईनं नाही म्हटलं की गप्प बसतात, हा कुठला कोच.

पण पिवळ्या हेल्मेटवर गोल पडले. मागितलं ते मिळालं. देवाशी हिशेब तोडता येत नाही. डब्यात साखर घेऊन कॉलेजात गेले. टीम ग्राउंडवर होती. एकेकीच्या हातावर चमचा चमचा ठेवत गेले. कसली साखर, काकू, असं सगळ्यांनी विचारलं. पहिल्यांदा फायनलला आलात म्हणून, म्हटलं. पुतणीनं दोनदा घेतली.

शेवटी लेक. ती हरल्यावर मी साखर वाटते आहे, हे तिला दिसत होतं. तिनं डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. देव्हाऱ्यासमोरचं हेल्मेट ह्यांनी तिला सांगितलं असणार. ह्यांचं नंतर बघेन असं मी उगाच लिहिलं नव्हतं.

मी शिट्टीला म्हटलं, दुसऱ्या किटचे निम्मे मी देते. ते म्हणाले, निळं घेऊ की पिवळंच? निळं थोडं महाग पडतं. लेक माझ्याकडे बघत होती. मी डब्यात चमचा ढवळत राहिले.

"पुढच्या वेळी तू घरीच थांब, आई," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.

मी साखर ठेवली. निळं, म्हटलं.