आजोबांची पाटी

४ मार्च, सोमवार

नाही चालत! सकाळपासून नाही चालत. रविवारच्या आत प्राणिबागेतल्या सगळ्या पिंजऱ्यांवर नव्या पाट्या लागायच्यात, आणि माझा प्रोग्रॅम पहिल्याच पाटीवर मान टाकतोय.

काम तसं सरळ. प्राण्यांच्या नोंदी एक्सएमएलमध्ये आहेत, त्यांना पाटीचं रूप देणारा एक्सएसएलटी कोड मी लिहिलाय. पण वय, वजन, खाणं, नर की मादी – हे सगळं बागेतल्या दवाखान्याच्या संगणकात. त्याला प्रश्न विचारणारं मॉड्यूल तिथल्या प्रोग्रॅमरने लिहिलंय. माझ्या कोडने त्या मॉड्यूलला हाक मारायची, त्याने उत्तर द्यायचं. संपलं.

हाका मारतेय. ओ देत नाही!

शेवटी त्या प्रोग्रॅमरला फोन केला. "माझं बरोबर आहे," म्हणाला. काय बिघडलंय ते अजून मी सांगितलंसुद्धा नव्हतं. आजपासून या माणसाचं नाव बरोबरराव.

५ मार्च

सापडलं. मॉड्यूलला नुसतं नाव नसतं, आडनावही असतं – नेमस्पेस. चांगलं लांबलचक. त्याच्या आडनावाच्या शेवटी एक तिरकी रेघ आहे, मी ती दिली नव्हती. एवढ्याशा रेघेसाठी पठ्ठ्याने दोन दिवस ओळख दाखवली नाही! रेघ दिली, तर लगेच घरच्यासारखा बोलायला लागला.

जेवताना आईला सांगितलं. "तुझ्या मोठ्या काकांसारखंच की," म्हणाली. "नावापुढे राव लावलं नाही तर तेही ऐकूच येत नाही असं दाखवतात."

६ मार्च

उत्तरं येतायत, पण कसली! मोराच्या पाटीवर – 'रोज सात किलो मांस'. पाणघोड्याला मूठभर दाणे.

मी प्राण्याचा क्रमांक पाठवत होते, त्याचं मॉड्यूल तो पिंजऱ्याचा समजत होतं. चूक कोणाची यावर फोनवर भांडण. कान दुखायला लागला तेव्हा तो म्हणाला, "चहाला ये दवाखान्यात." गेले. उरलेलं तिथे भांडलो. चहा मात्र फक्कड करतो.

७ मार्च

पाणघोड्याचं वजन विचारलं तर दोन आली, एक जुनं, एक नवं. आता मॉड्यूल फक्त सगळ्यात ताजी नोंद देणार. बरोबररावने हे स्वतः करून दिलं. पण 'बदल' म्हणाला, 'दुरुस्ती' नाही!

८ मार्च, शुक्रवार

सगळ्या पाट्या आल्या! एक सोडून.

आजोबा. म्हणजे आमचं महाकासव. बागेतला सगळ्यात म्हातारा प्राणी आणि बागेचे संचालक, म्हणजे आमचे साहेब, त्यांचा जीव की प्राण. साहेब चड्डीत असताना त्याच्या पाठीवर बसलेले, तो फोटो त्यांच्या टेबलावर आहे. रविवारचं उद्घाटनही आजोबांच्या नव्या अंगणाचंच. आणि पाटीवर काय आलं? 'आजोबा. मादी.'

हसले. पुन्हा चालवला. मादी. संगणक बंद करून सुरू केला. मादी!

बरोबरराव म्हणाला, "ताजी नोंद तशी आहे. मी ती देतो." नोंद केली दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी. त्या गेल्यात सुटीवर, फोन लागत नाही.

"बोट घसरलं असणार त्यांचं," मी म्हटलं.

"असेल. पण माझ्या मनाने नोंद बदलणार नाही मी."

मग साहेबांकडे गेले. त्यांचा चेहराच उतरला. "अहो, लहानपणापासून ओळखतो मी त्यांना! वडिलांच्या जागी आहेत ते मला. रविवारी पाटीवर असलं काही दिसलं, तर तुमची नेमणूक वाढवायची की नाही ते मला बघावं लागेल."

९ मार्च

एक ओळ घातली. मॉड्यूलला रीतसर विचारायचं, उत्तर नीट ऐकून घ्यायचं, आणि प्राणी आजोबा असेल तर ते उत्तर बाजूला ठेवून 'नर' छापायचं. चाललं! पाटी छापून आली. साहेबांनी तिच्यावरून हात फिरवला.

बरोबरराव येऊन माझा कोड वाचून गेला. "उत्तर ठरलेलंच होतं तर मला विचारलंस कशाला?"

"नोकरी माझी जातेय, तुझी नाही."

"ते खरं आहे," म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. चहाला ये म्हणाला नाही.

वाईट वाटलं. एका कासवापायी एवढं वाटून घ्यायचं काय कारण? पण वाटलं खरं.

आईला सांगितलं तर म्हणते, विचारून झाल्यावर आपलंच खरं करणारी माणसं तिने घरातच खूप पाहिलीत. माझ्याकडे बघून म्हणाली!

१० मार्च, रविवार

उद्घाटन झालं. फीत, टाळ्या, फोटो. साहेब किती बोलले! "हा भारदस्त पुरुष... या बागेचा कर्ता पुरुष..." कर्ता पुरुष भाषणाकडे पाठ करून मागच्या पायांनी वाळू उकरत होते. साहेब म्हणाले, "पाहा, या वयातही स्वस्थ बसवत नाही!" पुन्हा टाळ्या.

बरोबरराव शेवटच्या रांगेत होता. नंतर पाटीपाशी गेला, ती सावकाश वाचली. माझ्याकडे न बघता निघून गेला. मी हाक मारली होती. त्याला ऐकू गेली असणार.

११ मार्च

आजोबांच्या अंगणात, वाळूत, सात अंडी!

कळलं तशी पाना घेऊन धावले, म्हटलं आधी ती पाटी उतरवू. जाऊन बघते तर बरोबरराव तिथे स्टुलावर चढून वरचे नट काढतोय. मी खालचे काढायला लागले. पाना दगडावर पडला, ठण्णकन!

साहेब कुंपणाला लागून खुर्ची टाकून बसले होते. डोळे पाणावलेले. आमच्याकडे वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. बाळंतीण आहे."