यांच्या तोंडात गेलेले सगळे

२५ ऑक्टोबर, शनिवार
लिहायची हौस नाही. डॉक्टरांनी भाग पाडले. यांचे बी.पी. आज १६८/१००. दोन महिन्यांत एका गोळीच्या दोन झाल्या, दुसरी लघवीची, तरी उतरत नाही. म्हणाले, "यांच्या तोंडात काय काय जातं, ते दहा दिवस लिहून आणा. नाही उतरलं तर अकोल्याला पाठवतो." यांचे थोरले भाऊ बी.पी.नेच गेले, जेवता जेवता. तो घास मला अजून दिसतो.
वाशीमहून जीपने अनसिंगला आलो. घरात शिरताच हे म्हणाले,
"ठाणेदारीनबाई, पानी पेलो तं तेबी लिवशीन काय?"
लिहीन.
आज: भाकर दीड, मेथी, बिनमिठाचे ताक, पपई दोन फोडी. रात्री मुगाची खिचडी. लोणचे, पापड कुलपात. किल्ली माझ्याकडे.

२६ ऑक्टो., रवि.
पहाटे चारला उठले, काकड्याला गेले. कोजागिरीपासून रोज देवळात हेच सुरुवात करतात. दुसरा आवाज गावात नाही, असे गाव म्हणते, आणि यांनाही तेच वाटते. घसा बसतो म्हणून नेहमीचे उकळून दिले. ते औषध, खाणे नव्हे, म्हणून इथे धरत नाही.
सकाळी १७०/१००. दुपारी वांग्याची भाजी चाखली. खारट. वर्षाला बोलले. सून म्हणून आली तेव्हापासून हात सैल आहे तिचा.
"आई, तुमच्यासमोरच टाकलं नं मीठ. चिमूटभर."
"चिमूट कोणाची, तुझी की पहिलवानाची?"
तिने ताट ठेवले आणि गेली. मिठाची बरणी माझ्या कपाटात ठेवली. उद्यापासून यांचा स्वयंपाक मी करणार.

२८ ऑक्टो., मंगळ.
दोन दिवस माझ्या हातचे. मीठ जवळजवळ नाहीच. स. १७२/१०२. मशीन बिघडले असेल म्हणून माझे घेतले. १२४/७८. वर्षाचे ११०. मशीन ठीक.
म्हणजे हे बाहेर खातात. दुसरे काय?

२९ ऑक्टो., बुध.
पहाटे मागोमाग देवळात गेले. खांबाआड उभी राहिले, या वयात. दीड तास गात होते. प्रसादाची खडीसाखर, बस. चिवडा फिरला तो यांनी शेजाऱ्याला दिला. बाहेर पडताना मला पाहिले.
"सी.आय.डी. लागली माह्या मांगं!" सगळ्यांसमोर. सगळे हसले. मीही हसायला हवे होते.
मग खातात काय? गोळ्या मोजल्या. बरोबर आहेत. चूळ भरताना गोळी थुंकतात का, तेही पाहिले. गिळतात.

३१ ऑक्टो., शुक्र.
१७८/१०४. सांबाराच्या वाफ्यात बसले होते, कोथिंबीर खुडत. उठता येईना. पोटऱ्यांत गोळे. वर्षाने एका बाजूने धरले, मी दुसऱ्या.
"पायात जीवच नाही राह्यला वो," म्हणाले. हे कधी असे बोलत नाहीत. मला "वो" म्हणाले, लग्नानंतर पहिल्या वर्षी म्हणत तसे.
तेल लावले. झोप नाही. वही तीनदा वाचली. भाकर, मूग, ताक, पपई. यात काय आहे? काहीच नाही. मग

१ नोव्हें., शनि.
एकादशी. यांचा उपवास मी मोडला, भांडून.
दुपारी वर्षा वही वाचत बसलेली. न विचारता. ओरडणार होते. तिने आधी विचारले.
"आई, जेठमध काहून नाही लिवलं?"
"ते घशाचं औषध आहे."
"डॉक्टर तं म्हणाले तोंडात जाते ते. तुमी रोज पहाटे गिलासभर उकळून देता. अन् बाबांच्या खिशात काड्या राह्यतात, दिवसभर चघळून राह्यले ते. वावरात बी."
मी म्हटले, झाडाच्या मुळीने कोणाचे बी.पी. वाढते?
"मले काय मालूम? तुमी शिकलेल्या. इचारा नं."
शिकलेली. बी.ए. झालेली आमच्या गावातली मी पहिली. श्रावणातल्या सप्ताहात घसा बसला तेव्हा मीच पुडी आणली, रिसोडच्या जडीबुटीच्या दुकानातून. संपली की पुन्हा. श्रावणानंतरच बी.पी. चढू लागले.
डॉ.ना फोन. काढा, काड्या, पायांतले गोळे, सगळे सांगितले. मग, "ताई, आत्ताच बंद करा. जेष्ठमध जास्त झालं की अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. आणि मी जी दुसरी गोळी दिली, तीही पोटॅशियम घालवते. पायांचं ते त्यामुळंच असेल. छातीवरही येऊ शकतं. रात्री धडधडलं, चक्कर आली, तर थांबू नका, गाडी करून या. नाहीतर उद्या सकाळी पहिला नंबर."
काढाही मीच दिला, गोळीही मीच.
यांच्या खिशातून काड्या काढल्या. सात. म्हणाले, "पुनवेला काकड्याची समाप्ती हाय. आवाज नाही लागला तं?" काड्या पुडीत बांधल्या.

२ नोव्हें., रवि. वाशीम
दवाखान्याच्या बाकावर लिहिते आहे. वर्षा सोबत आहे. छातीची पट्टी, ई.सी.जी., काढली. डॉ. म्हणाले, ठोका मधूनच चुकतो आहे. रक्ताचा रिपोर्ट आला की ठरवू, घरी की भरती. जेष्ठमध सोडले तरी अंगातून उतरायला दोन-तीन आठवडे जातात. लघवीची गोळी आजपासून बंद.
विचारले, यात माझे किती? डॉ. म्हणाले, "आधी रक्त येऊ द्या. आणि पुढच्या वेळी मीही नीट विचारीन, काढा, चूर्ण, मुळ्या काय घेता म्हणून."
हे झोपले आहेत. ओठ हलतात मधूनच. गातात की काय. पोटाकडे पाहत राहते, श्वास वरखाली होतो आहे ना.

दिले:
डॉक्टरांना, वहीची पाने. शेवटच्या पानावर श्रावणापासूनचे जेष्ठमध, महिन्यावार. मी सांगितले, वर्षाने लिहिले.
तपासणीवाल्याला, रक्ताची नळी, ११.१० वाजता.
नर्सबाईंना, उरलेली पुडी.
वर्षाला, गोळ्यांचा डबा आणि त्यांच्या वेळा. तिने विचारले, "मलेच काहून?" म्हटले, तुझे लक्ष असते. चुकले म्हणायचे होते. ते राहिले.
रिपोर्ट चारनंतर. आत्ता पावणेतीन.